पूर्वापार चालत आलंय, म्हणून?



हंगाम सरत आला की संध्याकाळच्या वेळी कासारसाईकडच्या रस्त्याने एकदा जाऊन पाहा. ऊस तुटून गेलेल्या रानांतून धुराचे लोट उठताना दिसतात. कुणी कुणाला सांगितलेले नसते. शेवटची ट्रॉली रानाबाहेर पडली की काडी ओढायची, एवढे मात्र सर्वांना पाठ असते. अशाच एका बांधावर उभे राहून आम्ही विचारले, "पाचट का पेटवलं?" उत्तर आले, "का म्हणजे? पहिल्यापासून पेटवतोच की!"

उत्तर प्रामाणिक होते. पण त्यात 'का' चे उत्तर कुठेच नव्हते.

ऊस हा आपला धंदा आहे. किराणा दुकानदार गल्ल्यातल्या नोटा रोज संध्याकाळी पेटवू लागला, तर गाव त्याला वेड्यात काढील. आपण मात्र रानात जे पेटवतो त्याची किंमत किती, हे एकदाही मोजत नाही. म्हणून या अंकात नवे खत, नवे यंत्र किंवा नवी योजना यांविषयी काही सांगण्याऐवजी एक जुनाच प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपण जे करतो, ते का करतो?

प्रश्न विचारण्याची ही सवय आपल्याला परकी नाही. १९२१ ते १९२४ या काळात धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा याच मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. "सरकारने ठरवलंय, आता काय करायचं?" असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. सहकारी कारखानदारी तरी कशातून उभी राहिली? शेतकऱ्याने पिकवावे, भाव दुसऱ्याने ठरवावा आणि कारखाना काढणे हे भांडवलदाराचे काम, ही त्या काळची रीत होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ती रीत मानली नाही. १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचे धुराडे पेटले, म्हणून आज आपण 'सभासद' आहोत. तेव्हा रूढीला प्रश्न विचारणे हा आपला घरचाच वारसा समजावा.

पाचट : 'पहिल्यापासून' म्हणजे कधीपासून?

आधी हे 'पहिल्यापासून' तपासून पाहू. गुऱ्हाळे चालत होती त्या काळी पाचट रानात फारसे उरतच नसे. चिपाडाबरोबर ते चुलवणात जळणाला जाई, छपरावर पडे, गोठ्यात अंथरले जाई. वाढे जनावरांच्या दावणीला जात. म्हणजे आज्याच्या वेळी उसाचा पाला वाया जात नव्हता. पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला, छपरावर पत्रे आले, गोठ्यातली जनावरे कमी झाली आणि पाचट रानातच पडून राहू लागले. त्याचे काय करायचे हे सुचेना, तेव्हा काडी लावणे सर्वांत सोपे वाटले. सोयीपोटी घेतलेला निर्णय पुढच्या पिढीने परंपरा म्हणून उचलला, इतकेच.

आता हिशेब करू. एकरी ४० टन ऊस निघाला तर साधारण ४ टन पाचट रानात राहते. १ टन पाचटात ५ किलोच्या आसपास नत्र, १ ते २ किलो स्फुरद, ७ ते १० किलो पालाश आणि ३०० ते ४०० किलो सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे एकरी ४ टनांत २० किलो नत्र झाले. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीतही साधारण तेवढेच नत्र असते.

इथे एखादा सभासद म्हणेल, "एका गोणीसाठी एवढी यातायात कोण करतो? गोणी तर पावणेतीनशेच्या आत मिळते." बरोबर आहे. नुसते नत्र पाहिले तर व्यवहार फार मोठा नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. खरा माल आहे तो कर्ब. ४ टन पाचटात सव्वा ते दीड टन कर्ब असतो आणि तो कुठल्याही गोणीत विकत मिळत नाही. शेणखताची गाडी काय भावाने मिळते हे आपण जाणताच, आणि मुळात मिळते कुठे? जमीन भुसभुशीत राहणे, ओल टिकणे, टाकलेले खत मुळाला लागू पडणे हे सगळे कर्बावर अवलंबून असते. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात. राखेत थोडे स्फुरद-पालाश उरते, त्यातलेही काही वाऱ्याने आणि पाण्याने जाते. वर जमिनीच्या वरच्या थरातले उपयोगी जिवाणू भाजून निघतात आणि खोडव्याचे वरचे डोळे होरपळतात ते वेगळेच.

मग करायचे काय? पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने खोडव्यासाठी सांगितलेली पद्धत अशी आहे. बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत दाबावे. मोठे बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. एकरी ४ टनांना ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो संवर्धन लागते. मग पाणी द्यावे.

"पाचटातून खत मिळणार, आणि वर पुन्हा युरिया कशाला?" ही शंका रास्त आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजविणाऱ्या जिवाणूंना जगायला नत्र लागते. आपण दिले नाही तर ते जमिनीतले घेतात आणि खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो. पिवळा पडला की आपण म्हणणार, "पाचटानेच घात केला." वरचा युरिया वाया जात नाही. पाचट कुजेल तसा तो पुढे पिकालाच मिळतो.

पिकाचे खत द्यायला पाचट आडवे येते, म्हणून तिथे पहार वापरायची. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर तितकेच खोल छिद्र घ्यायचे, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवायचे आणि खत टाकून छिद्र बुजवायचे. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांच्या आत एका बाजूला आणि दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. कष्ट आहेत, नाही असे नाही. पण खत मातीआड जाते, उडून किंवा वाहून जात नाही. शिवाय आच्छादनामुळे तण कमी येते आणि पाण्याच्या पाळ्या लांबतात. त्या खुरपणीची मजुरी या खर्चासमोर मांडून पाहा.

उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, बगला फोडता येत नाहीत, अशा अडचणी सभासद सांगतात. त्या खऱ्या आहेत. पट्टा रुंद असेल तर एक आड एक सरीत पाचट ठेवून मोकळ्या सरीतून पाणी देता येते. पाचटाची कुट्टी करणारी ट्रॅक्टरची यंत्रेही निघाली आहेत. मात्र रानात पाणी साचून राहत असेल तर आधी चर काढा, मग पाचटाचे बोला.

राब आणि पाचट : आग एकच, उत्तरे दोन

आपल्यापैकी पुष्कळ जण भातकरीही आहेत. ते म्हणतील, "राब तर भाजावाच लागतो, मग पाचटानेच काय पाप केलं?" प्रश्न चांगला आहे. राब भाजण्याला कारण आहे. रोपवाटिकेच्या त्या थोड्या जागेत तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राख मिळते आणि रोप निरोगी निघते. आगीचे काम ठरलेले आहे आणि जागाही दोन-चार गुंठ्यांची. एकरभर पाचटाला लावलेल्या आगीचे असे कोणते काम आहे?

आणि कारण असले तरी प्रश्न थांबत नाही. राबासाठी शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या लागतात. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली, त्यात पहिलेच सूत्र पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची आणि पेंढा चिखलणीत गाडायचा. बाकीची तीन सूत्रे म्हणजे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. रीत का पडली हे ओळखून तेच काम कमी खर्चात करायचे, याचे हे आपल्या ओळखीचे उदाहरण.

पाणी : जितके जास्त तितका ऊस जास्त?

दुसरी सवय पाण्याची. रात्री लाईट आली की मोटर चालू करायची आणि झोपी जायचे. सकाळी सरी तुडुंब भरलेली दिसली की मनाला बरे वाटते.

१ एकरात १ इंच पाणी म्हणजे १ लाख लिटरपेक्षा थोडे जास्त. ३ इंच भरले तर ३ लाख लिटर झाले. उसाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात. त्याखाली गेलेले पाणी पिकाच्या उपयोगाचे नाही, उलट जाताना खतही घेऊन जाते. मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून तर आपल्या भाषेत 'वाफसा' हा शब्द आहे. वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली जमीन. शब्द वाडवडिलांनी दिला, आपण मोटर आल्यावर तो विसरलो. इथे जुने शहाणपण आपणच मोडले आहे.

याचा शेवट कुठे होतो हे पाहायला लांब जायला नको. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आले, बागायत वाढली आणि काही वर्षांत जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी या खारपड जमिनींचा अभ्यास १९१० सालीच छापला होता. शंभर वर्षांपूर्वी दिलेला इशारा आहे तो. पाटाने देत असाल तर एवढे तरी करा : मूठभर माती घेऊन दाबून पाहा. गोळा होऊन टिकत असेल तर आज पाणी नको.

तोड : दोन इंचांचा हिशेब

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल. ऊस जमिनीपासून दोन-तीन इंच वर तोडण्याची सवय पडली आहे. वाकायचा त्रास वाचतो. ऊस ८ फूट उंच धरला तर ९६ इंचांपैकी २ इंच म्हणजे शंभरात दोन. ४० टनांच्या रानात पाऊण टनाच्या वर ऊस रानातच राहिला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्या भावाने, तोडणी-वाहतूक वजा जाताही, एकरी दोन हजारांच्या आसपास रक्कम झाली. उसाच्या बुडाकडे साखर जास्त आणि शेंड्याकडे कमी, म्हणजे सोडतो तो माल सर्वांत गोड. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्याचे वरचे डोळे फुटतात, त्या फुटव्यांना स्वतःची मुळे नीट धरत नाहीत आणि खोडवा कमजोर निघतो.

तोडीच्या दिवशी मालक रानात हजर असेल आणि टोळीशी गोडीने बोलेल, तर हे दोन इंच वाचतात. टोळीतली माणसेही घरदार सोडून आलेली असतात. त्यांच्यावर ओरडून कोयता खाली जात नाही. आधी सांगून, पाण्याची सोय करून जातो.

हिशेबाची वही

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वरच्या सगळ्या सवयी टिकतात, कारण आपण लिहून ठेवीत नाही. "खोडवा म्हणजे फुकटचं पीक," असे सर्रास म्हटले जाते. बेणे नाही, नांगरट नाही, हे खरे. पण म्हणून त्याला खत उशिरा, पाणी उरलेले आणि लक्ष मुळीच नाही. मग उतारा घटला की, "खोडव्याचं असंच असतं." खर्च आणि उत्पन्न वहीत मांडले, तर कळेल की नीट जपलेला खोडवा लागणीपेक्षा कमी खर्चात आणि महिना-दीड महिना आधी पैसे देतो.

याच डॉ. मॅन यांनी आपल्या शेजारच्या पिंपळे सौदागर गावाचा घरोघरी हिशेब मांडून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ साली त्या गावात खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांना आढळले. नुसत्या शेतीवर बहुतेक घरांचे भागत नव्हते, हेही आकड्यांनी दिसले. आज त्या पिंपळे सौदागरात इमारतीच इमारती आहेत. आपल्या हिंजवडी-माणची गतही आपण पाहतोच आहोत. वाटण्या झाल्या, रस्ते आले, प्लॉट पडले. ४० एकरवाल्याला एका एकरातली चूक खपत होती. दीड एकरवाल्याला खपत नाही. उरलेले रान राखायचे की विकायचे, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात येणार आहे. त्या दिवशी हातात दहा वर्षांची वही असेल तर निर्णय आकडा पाहून होईल. नाहीतर एजंट सांगेल तो हिशेब खरा मानावा लागेल.

वही साधी असावी. तारीख, काम, मजुरी, खत, पाणी आणि शेवटी कारखान्याची वजनपावती. घरातल्या शाळकरी मुलीलाही ती लिहिता येईल.

जुने तेवढे टाकाऊ नव्हे

एक गोष्ट बजावून सांगतो. हा लेख वाचून कुणी जुने सगळे मोडीत काढू नये. पूर्वी उसाला बेवड बघितला जात असे. ताग पेरून गाडला जात असे. या चाली शहाणपणाच्याच होत्या. त्या आपण सोडल्या आणि पाचट पेटविण्याची तेवढी घट्ट धरली! दुसरीकडे, चकचकीत बाटली घेऊन कुणी दारात आला आणि "एकरी दहा टन वाढ" म्हणाला, तर त्यालाही तोच प्रश्न करा. का वाढते? कुठे पाहिले? खर्च किती? नव्यावर आंधळा विश्वास हीसुद्धा रूढीच आहे.

आमच्या मते प्रत्येक सवयीला चार प्रश्न विचारावेत. ही रीत कोणत्या कारणासाठी पडली? ते कारण आज शिल्लक आहे काय? तिच्यासाठी आपण पैसा, पाणी आणि माती किती मोजतो? आणि दुसरी पद्धत लहान तुकड्यावर करून पाहिली काय? हा चौथा प्रश्न महत्त्वाचा. एकदम दोन एकरांचा जुगार खेळू नका. १० गुंठ्यांत पाचट ठेवा, शेजारच्या १० गुंठ्यांत नेहमीसारखे करा आणि दोन्हींचे वजन वेगवेगळे काढा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कारखान्यालाही हाच नियम

सभासदांना उपदेश करून कारखाना मोकळा होत नाही. १०० टन उसातून १० ते ११ टन साखर निघते, तर बगॅस २८ ते ३० टन, मळी ४ टनांच्या आसपास आणि प्रेसमड ३ ते ४ टन निघतो. एके काळी मळी आणि उरलेला बगॅस ही कारखानदारीची डोकेदुखी होती. "याचं काय करायचं?" असे ज्यांनी विचारले त्यांनी मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल काढले, बगॅसवर वीज केली, प्रेसमडचे खत केले. साखरेला भाव नसतो तेव्हा याच 'टाकाऊ' मालावर कारखान्यांचा डोलारा तरतो. रानातल्या पाचटाचीही गोष्ट तीच आहे.

म्हणून वार्षिक सभेत अहवाल हातात आला की नुसते "मंजूर, मंजूर" म्हणू नका. तीही एक जुनी सवयच! तोडीचा क्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे चालला का, तोडलेला ऊस गाळपाला किती तासांनी गेला, उतारा कुठे गळाला, हे विचारा. तोडलेला ऊस जितका वाळतो तितके सभासदाचे वजन आणि कारखान्याची साखर दोन्ही घटतात. प्रश्न विचारणारा सभासद हा कारखान्याचा वैरी नव्हे.

येत्या हंगामात शेवटची ट्रॉली रानाबाहेर पडेल तेव्हा काडी खिशात ठेवा आणि निदान १० गुंठे राखून बघा. काय अनुभव आला ते गट ऑफिसात येऊन सांगा. फायदा झाला तर सांगाच, तोटा झाला तर आधी सांगा. पुढच्या अंकात दोन्ही छापू.